पाच-नऊ-नऊ

पहिल्या भेटीतच त्यांनी मला तीन-चार-सहा दिले.

मी फाटकाशी उभी राहून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होते, वरची खोली भाड्यानं मिळेल का म्हणून. ते गच्चीच्या कठड्याशी होते. डोक्याला माकडटोपी, गळ्यात हेडफोन, हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं. माझं बोलणं त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि वरूनच सांगितलं, "तीन-चार-सहा." मला वाटलं भाडंच सांगताहेत, पण इतकं विचित्र भाडं कोण लावतं? मी पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात खणखणीत कोल्हापुरी मराठीत प्रश्न आला, "कोकणातली न्हवं का तू? हिंदीत बोलतीस तरी हेल सुटला न्हाई तुझा. ये, वर ये."

चंदीगडमध्ये येऊन मला थोडेच दिवस झाले होते. सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत जंतूंवर काम करायला मी आले होते, आणि आल्यापासून घरची भाषा कानावर पडली नव्हती. त्या एका 'ये, वर ये'वर मी ती खोली घेतली. भिंतीला ओल होती, नळाला पाणी यायचं तसं यायचं, आणि खिडकीसमोरून काकांची एक तार थेट शेजारच्या सफेद्याच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या, झाडापर्यंत गेलेली होती. हे सगळं नंतर दिसलं.

काका फौजेतून कप्तान होऊन निवृत्त झालेले. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये, म्हणजे तारायंत्रं आणि वायरलेस यांच्या संगतीत गेली. लग्न केलं ते पंजाबातल्या रोपडच्या शीख बाईंशी, आणि शेवटी घर बांधलं तेही सासरच्या मुलखात. बाईंना सगळी गल्ली बीजी म्हणायची, मीही म्हणू लागले. गल्लीतली माणसं काकांना मात्र 'तारांवाले अंकल' म्हणत. त्यांच्या गच्चीवर इतक्या तारा होत्या की संक्रांतीच्या सुमाराला आसपासच्या सगळ्या कटलेल्या पतंगांना तिथंच मोक्ष मिळायचा.

काकांना हौशी रेडिओचा नाद होता. सरकारी परवाना काढून, स्वतःच्या हातानं यंत्र जुळवून, जगातल्या दुसऱ्या कुठल्या तरी गच्चीवर बसलेल्या तसल्याच एखाद्या वेड्याशी हवेतून बोलायचं, हा तो नाद. बोलायचं तेही तोंडानं नाही. काकांना तोंडानं बोलणारे लोक आवडत नसत. ते बोलायचे पितळी किल्लीवर बोट टेकून, दि आणि दा यांच्या भाषेत. दि म्हणजे आखूड, दा म्हणजे लांब. सगळी अक्षरं, सगळे आकडे आणि सगळी सुखदुःखं या दोनांतच बसवायची.

आणि ते तीन-चार-सहा? या लोकांची अशी रीत आहे की भेट झाली की आधी एकमेकांना कळवायचं, तुझं बोलणं मला कसं ऐकू येतंय. त्यासाठी तीन आकडे असतात. पहिला, अक्षरं किती लागतात, पाचपैकी. दुसरा, जोर किती, नऊपैकी. तिसरा, सूर किती स्वच्छ, तोही नऊपैकी. पाच-नऊ-नऊ म्हणजे सोळा आणे. काकांनी हे माप हवेतून खाली आणून सगळ्या संसाराला लावलं होतं. चहा प्यायले की चार-पाच-सात. टीव्हीवरच्या बातम्या वाचणारी बाई पाच-सात-तीन. मला बघायला एकदा एक मुलगा आला होता, दिल्लीत नोकरी करणारा, केस चापून बसवलेला. तो गेल्यावर काका म्हणाले, "जोर नऊ. अक्षर एक लागत न्हाई." मी नकार कळवला आणि आजतागायत मला त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

पाच-नऊ-नऊ मात्र त्यांनी कुणालाही कधी दिले नाहीत. बीजींची यावर कायमची तक्रार होती. दाल माखनी वाढता वाढता त्या मला सांगायच्या, "तीह साल हो गए पुत्तर, इस बंदे ने मेरी दाल नूं कदी पूरे नंबर नहीं दित्ते." काका खाली मान घालून जेवत राहायचे. बोटं चाटून झाल्यावर म्हणायचे, "पाच-आठ-नऊ. मीठ जरा मागं पडलं." मग बीजी हातातला डाव असा काही आपटायच्या की त्या आवाजाला नऊ द्यावे लागले असते.

या खरेपणापायी त्यांनी हवेतही हसं करून घेतलं होतं. या लोकांच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त माणसं गाठायची, एकमेकांना आकडे द्यायचे आणि पुढे पळायचं. अशा वेळी सगळे सगळ्यांना डोळे झाकून पाच-नऊ-नऊ देतात. समोरच्याचं एक अक्षर लागत नसतं, तीनतीनदा 'पुन्हा सांग' म्हणून झालेलं असतं, तरीही पाच-नऊ-नऊच. लग्नाच्या पंगतीतून उठताना कुणी वरण पातळ होतं म्हणतं का? पण काका म्हणत. ते प्रामाणिकपणे तीन-तीन-सात देत. पलीकडचा रशियन किंवा जपानी माणूस गोंधळून थांबायचा, पुन्हा विचारायचा, हे पुन्हा तेच द्यायचे, आणि तेवढ्यात बाकीच्या जगानं पाचपन्नास माणसं गाठलेली असायची. दर स्पर्धेत काका तळाशी. मी एकदा म्हटलं, "काका, दिले एकदा पाच-नऊ-नऊ तर काय बिघडलं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पाण्यात विष कालवा म्हणाले होते.

"पोरी, हवा सगळ्यांची हाय," ते म्हणाले. "तिच्यात खोटं सोडू न्हाई."

मी सकाळी लवकर उठायची ती त्यांच्या यंत्राच्या खोलीत बसायला मिळावं म्हणून. ती खोली माझ्या खोलीला लागूनच होती. थंडीत दाट धुकं पडलेलं असायचं, खिडकीबाहेर सफेद्याचं झाडसुद्धा दिसायचं नाही, आणि आत त्या जुन्या यंत्राच्या काचेच्या व्हॉल्व्हांचा तांबूस उजेड. तापलेल्या धुळीचा एक वास यायचा. मी रजई पांघरून कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसायची, हातात चहाचा पितळी ग्लास. काका माझ्यासाठी हेडफोनची एक वाटी कानावरून बाजूला सरकवायचे, तबकडी हळूहळू फिरवायचे आणि त्या खरखरीतून कुठून कुठून बारीक शिट्ट्या यायच्या, मोठ्या व्हायच्या, विरून जायच्या. "हवा उघडली," काका पुटपुटायचे. ऊन चढलं की दूरचे आवाज एकेक करून बुडायचे. मग म्हणायचे, "मिटली." दिवसभर प्रयोगशाळेत काम करताना मला वाटायचं, खरं जग त्या उघडण्या-मिटण्याच्या मधेच कुठे तरी आहे, आणि हे इकडचं आपण वेळ घालवायला मांडलं आहे.

त्या सगळ्या शिट्ट्यांत एक शिट्टी आमची होती. काकांचा फौजेतला दोस्त, रत्नागिरीच्या खालच्या अंगाला समुद्राकाठी राहणारा. घरात म्हातारी बहीण आणि तो, एवढीच माणसं. काका त्याला दर्यावाला म्हणत. दोघं नोकरीत एकाच वेळी लागलेले, पण एक या डोंगरावर, दुसरा त्या डोंगरावर. दोन वर्षं फक्त किल्लीवरून बोलत होते. "तोंड मागनं बघितलं," काका सांगायचे. "हात आधी वळखत हुतो." माणसाचं अक्षर असतं तसा किल्लीवरचा हात असतो, कुणी घाईचा, कुणी ठसक्याचा. दर्यावाल्याच्या हाताची खूण अशी की तो ओळीतला शेवटचा दा लांबवायचा. "तुम्ही कोकणी मानसं बोलताना शेवट वढत न्हाई का? तसंच. किल्लीला बी हेल हाय त्याच्या."

रोज सकाळी सातला दोघांची गाठ ठरलेली. इंग्रजी अक्षरांत मराठी. तो पाठवायचा, काका मला मोठ्यानं सांगत जायचे: "मोहर आलाय म्हंतोय... वारं लई हाय... मासळी न्हाई." माझ्या गावापासून त्याचं गाव लांब नव्हतं. आईच्या पत्राला आठ-आठ दिवस लागायचे, आणि इथं सकाळच्या चहाबरोबर मला आमच्याकडचं वारं कळायचं. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण परक्या शहरात मी रडले नाही ती त्याच्यामुळे. काकांनी मला अक्षरं शिकवली तीही त्याच्यासाठीच. अक्षरं आली, पण दर्यावाल्याचा वेग इतका की माझ्या हाती चारातलं एक लागायचं. "तुला ऐकू येतंय, पर समजत न्हाई," काका म्हणायचे. "एक-नऊ-नऊ."

दोघांचं भांडण एकच होतं. दर्यावाला स्पर्धांत पटाईत, साऱ्या जगाला पाच-नऊ-नऊ वाटत सुटणारा. काका रोज त्याला खरे आकडे देत, पाच-सात-आठ, चार-सहा-नऊ, आणि तो रोज विचारायचा, कंजूषा, नऊ काय तुझ्या खिशातून जातात? काका हसायचे, पण नऊ काही द्यायचे नाहीत.

ते दिवस पंजाबात वाईट होते. चौकात वाळूची पोती रचलेली, बस थांबवून झडती, संध्याकाळ झाली की रस्ते रिकामे. सकाळचं वर्तमानपत्र बीजी उलटं करून ठेवायच्या आणि गुटका, म्हणजे प्रार्थनेची छोटी पोथी, हातात घेऊन पाठ म्हणायच्या. त्यांचं माहेर रोपडकडचं. तिकडचा फोन लागेना की त्या दिवसभर कुणाशी बोलत नसत. अशा दिवसांत गच्चीवर तारांचं जाळं असलेला माणूस लोकांच्या डोळ्यांवर यायचाच. कुणी तरी कळवलं आणि एक तरुण ठाणेदार दोन शिपायांना घेऊन आला. तारेकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "ये तार कहाँ जाती है?"

"झाड तक," काका म्हणाले.

"और बात कहाँ तक जाती है?"

"वो हवा पर है. आज मौसम ठीक नहीं."

ठाणेदारानं शिपायांकडे वळून पाहिलं. पण बीजींनी त्या पोराला बसवून मुळ्याचे पराठे खायला घातले, आणि काकांनी परवाना, फौजेची कागदपत्रं सगळं पुढं ठेवलं. तो तसा गेला. जाताना त्याचा वायरलेस खरखरत होता. काकांनी त्याला तीन-पाच-चार दिले आणि बॅटरी बदलायला सांगितली.

पण पुढे वरूनच हुकूम आला. इकडच्या भागात खासगी माणसांनी हवेत बोलायचं नाही, ऐकायला हरकत नाही. तोच ठाणेदार पुन्हा आला, या वेळी मान खाली घालून. पाठवण्याच्या यंत्राच्या तारा काढून त्यानं सुतळी बांधली आणि लाल लाख लावली. ऐकण्याचं यंत्र राहिलं. काका त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, "तेरा कसूर नहीं, बेटे," म्हणाले, आणि वर येऊन त्या लाखेकडे बघत बसले. बीजींनी दोनदा जेवायला हाक मारली, ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते रोजच्या जागेवर होते. दर्यावाल्यानं हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. मग त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं, वर्तमानपत्रं तोही वाचत होताच. त्यानं पाठवलं: 'तू ऐकतो आहेस ते मला ठाऊक आहे.' आणि सरळ वाऱ्याचं, मासळीचं, बहिणीच्या गुडघ्यांचं सांगू लागला. त्या दिवसापासून रोज तो एकटा बोलायचा.

आणि काका उत्तर द्यायचे. पितळी किल्ली त्यांनी टेबलावर तशीच ठेवली होती. तिची तार कुठेच जोडलेली नव्हती. त्याचं बोलणं संपलं की ते किल्लीवर बोट ठेवून सगळं उत्तर पाठवायचे, आधी आकडे, अगदी खरे, मग इकडची हकीकत. टक टक, टक. ती टकटक टेबलाच्या बाहेर जात नव्हती. मी कोपऱ्यात रजईत बसून ऐकायची. मला त्यांची इतकी माया यायची की उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा वाटायचं. पण कोल्हापुरी म्हाताऱ्याच्या पाठीवरून कोण हात फिरवणार?

मग एका पावसाळ्यात दर्यावाला थांबला.

पहिले काही दिवस काका म्हणाले, वीज गेली असेल. मग म्हणाले, वाऱ्यानं तार तुटली असेल, नारळावर कोण चढणार एवढ्या पावसात. मग काही म्हणेनासे झाले. त्यांनी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. बहिणीला लिहिता येत नव्हतं. पितृपक्ष आला, गेला. जेवताना ते दालीला आकडे देत नाहीत हे बीजींच्या आधी लक्षात आलं. "कुझ ते कह," त्या म्हणाल्या, "दो ही दे दे."

आणि दिवाळीच्या सुमाराला, सातच्या ठोक्याला, दर्यावाल्याचं हवेतलं नाव पुन्हा ऐकू आलं. प्रत्येकाला एक नाव मिळालेलं असतं, अक्षरं-आकड्यांचं, दुसऱ्या कुणी वापरायचं नसतं. तेच नाव. मी आनंदानं उठलेच. पण काकांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"ह्यो त्याचा हात न्हवं," ते म्हणाले.

खरंच तो कुणा शिकाऊ माणसाचा हात वाटत होता. अडखळत, दि मोजताना चुकत, मधेच थांबत. काकांनी नावापुढचं काही ऐकलं नाही, हेडफोन काढून टेबलावर टाकले. "त्यो गेला," ते म्हणाले, "आन् कुणीतरी त्याच्या किल्लीशी ख्येळ मांडलाय." दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. नाव सुरू झालं की हेडफोन खाली. त्यांचा राग मला कळत होता. माणूस गेला हे एक वेळ सोसेल, पण त्याच्या नावानं दुसऱ्या कुणी हाका माराव्यात हे कसं सोसायचं?

त्यांनी परवाने देणाऱ्या कचेरीला तक्रार लिहिली. मृत माणसाचं नाव वापरून अमुक गावी कुणी यंत्र चालवतो आहे, तपास व्हावा. त्या काळात असल्या कागदावर काय झालं असतं ते सांगायला नको. पोलीस गेले असते, यंत्र उचललं असतं, परवाना कायमचा गेला असता. पण काका पाकीट खिशात घालून, टोपी चढवून खाली उतरले.

हेडफोन टेबलावर पडले होते आणि त्यांतून ती अडखळती शिट्टी अजून येत होती. मी ते कानाला लावले ते नुसत्या सवयीनं, तिकडून काही येतंय म्हणून. आणि मला समजायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी माझ्या वेगानं बोलत होतं! मी एकेक अक्षर तोंडानं म्हणत गेले. डी. ए. व्ही. ए. मग लांब थांबणं. एच. ए. टी. पुन्हा तेच. डावा हात. डावा हात. आणि दर वेळी हात या शब्दातला शेवटचा एकुलता एक दा तो सोडतच नव्हता, लांबवत, लांबवत न्यायचा, माझी आजी 'अगोऽऽ' म्हणते तसा.

मी अनवाणी जिना उतरले. काका फाटकाची कडी काढत होते. मी त्यांची बाहीच धरली.

"काका, तो डावा हात म्हणतोय."

"चोर बी म्हनंल डावा हात."

"पण काका, शेवट ओढतोय तो. हेल आहे त्याला. आमच्याकडचा हेल आहे, मला कळणार नाही का?"

ते वर आले. बसले नाहीत, उभ्यानंच हेडफोनची एक वाटी कानाला लावली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या शब्दाला काही झालं नाही. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग सावकाश बसले. दर्यावाला सांगत होता, एकेक अक्षर उकरून काढत: उजवं अंग गेलंय, बोलता येत नाही, बहिणीला खुणा करतो, या हातानं लिहिता येत नाही पण किल्ली दाबता येते. आणि शेवटी, ऐकतो आहेस ना?

"हेल त्योच हाय," काका म्हणाले. मग पाकीट काढून त्याचे तुकडे तुकडे केले. "आन् मी त्याला चोर म्हनलो. रोज हाका मारत हुता, आन् मी कान काढून ठेवला." ते रडले, चांगले हुंदके देऊन रडले, आणि बीजी चहा घेऊन दारात आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी आम्ही तारघरात गेलो. काकांनी फॉर्मवर दोनच शब्द लिहिले: 'हात ओळखला.' कारकुनानं ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "इसका मतलब?"

"हाथ पहचान लिया."

"किसका हाथ?"

"दोस्त का. बायाँ."

कारकुनानं मान वळवून दारातल्या बंदूकवाल्या जवानाकडे बघितलं. मी घाईघाईनं संस्थेचं ओळखपत्र काढलं, काकांची फौजेची ओळख सांगितली, दोस्ताला अर्धांग झाल्याचं सांगितलं. जवान जवळ येऊन ऐकत होता. तो म्हणाला, "लिख दो बाबूजी. मेरे ताऊजी को भी हुआ था." तार गेली.

त्यानंतर रोज सातला दर्यावाल्याचा सराव चालायचा आणि काका ऐकायचे. टेबलावरच्या मुक्या किल्लीवर ते पूर्वीसारखं उत्तर द्यायचे, आणि आकडे पूर्वीसारखेच खरे. दोन-सात-नऊ. दोन-सहा-नऊ. एखाद्या दिवशी तीन. वर्ष सरलं तरी तीनाच्या पुढं काही तो हात गेला नाही. मी एकदा म्हटलं, "काका, त्याला कुठं ऐकू जातंय? द्या की चांगले." ते म्हणाले, "म्हनूनच देत न्हाई."

बंदी उठली तेव्हा वसंत लागला होता. ठाणेदार आता वेगळा होता. त्यानं सुतळी कापली, लाख खरवडून काढली आणि सलाम करून गेला. सकाळी काकांनी दाढी केली, ब्लेझर घातला. बीजी गुडघे धरत धरत पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या आणि माझ्या मोड्यावर बसल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. काकांनी किल्लीची तार जोडली, हाक मारली आणि हेडफोन काढून लाउडस्पीकर लावला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी लावला नव्हता.

उत्तराला वेळ लागला. मग ती शिट्टी आली. पण त्या दिवशी हात फारच वाईट होता. आनंदानं असेल, घाईनं असेल, दोन दिंची तीन होत होती, अक्षरं एकमेकांत अडकत होती. त्याचं स्वतःचं नाव तीनदा चुकलं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं: 'हात कसा आहे?'

काकांचं बोट किल्लीवर होतं. मला त्यांचे ओठ हलताना दिसले, सवयीनं आकडा जुळवताना. दोन. फार तर दोन. मी त्यांना ओळखत होते, ते तेच देणार होते. हवा सगळ्यांची असते. बोट तसंच थांबलं. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं, थोड्या वेळानं हवा मिटली असती. आणि मग त्यांनी पाठवलं. पाच दि. चार दा, एक दि. चार दा, एक दि. स्वच्छ, सावकाश, साऱ्या जगाला ऐकू जाईल असं.

"की केहा?" बीजींनी मला विचारलं.

"पाँच-नौ-नौ."

बीजींनी दुपट्टा तोंडाला लावला. "हाय रब्बा," त्या हळूच म्हणाल्या, "कप्तान साब झूठ बोल्या?"

लाउडस्पीकरमध्ये नुसती खरखर होती. मग तो सुरू झाला. टी. एच. ए. मी मोठ्यानं अक्षरं म्हणू लागले, कारण काकांचे डोळे भरले होते आणि त्यांना काही सुचत नव्हतं. पी. ए. मग थांबला. काका पुढे झुकले. डी. वाय. ए.

"थापाड्या," मी म्हटलं.

तो शेवटचा दा अजून संपला नव्हता. दर्यावाल्यानं डावा हात किल्लीवर तसाच दाबून धरला होता, आणि त्या खोलीत आम्ही तिघं तो ऐकत उभे होतो. बीजीसुद्धा उठल्या होत्या.